पांढरी कॉन्टेसा आणि डिकीतला ओघळ

गाडी घेतली तेव्हा ती लाल होती. लाल म्हणजे कशी, तर लग्नातल्या बँडवाल्यांच्या कोटासारखी लालभडक, आणि वर बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन जाड काळे पट्टे. पिंपळगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये ब्लोअर आणि क्रेटच्या थप्प्यांच्या मागे सात वर्षं उभी होती, वर धूळ, आत उंदरांचा संसार, चारही टायर बसलेले, आणि तरी मी बघितली आणि गेलोच. कॉन्टेसा क्लासिक, १९९० ची. टेम्पोवर टाकून नाशकात आणली तेव्हा बायको गॅलरीतून बघून एवढंच म्हणाली, "ही? ही तर व्हिलनची गाडी."

कॉन्टेसाला आपल्याकडे लोक भारताची मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी म्हणतात, म्हणू द्या, लांब बॉनेट, रुंद बसका आकार, दिसायला आहेच तशी. पण मुळात ती इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, १९७२ साली आलेलं एफई मॉडेल, तिकडे त्याचे दिवस भरल्यावर साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि १९८४ पासून उत्तरपाड्याला त्यातून कॉन्टेसा निघायला लागली. सुरुवातीला आत इंजिन कुठलं, तर अँबेसेडरचंच दीड लिटरचं, पन्नास हॉर्सपॉवर, पैलवानाच्या अंगात कारकुनाचा जीव. नंतर इसुझूचं १.८ आलं, पाच गिअर आले, तेव्हा कुठे गाडी जरा पळायला लागली. आता अमेरिकेतल्या खऱ्या मसल कारमध्ये, १९७० च्या डॉज चॅलेंजरमध्ये, ४२६ हेमी इंजिन घेतलं तर कंपनी कागदावर ४२५ हॉर्सपॉवर लिहून द्यायची, त्यामुळे मसल वगैरे आपण आपल्या समाधानासाठी म्हणायचं.

चॅलेंजरचं उदाहरण उगाच नाही आलं. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, डेट्रॉइटजवळ राहतो आणि त्याच्याकडे १९७० ची चॅलेंजर आहे. हेमी नाही हां, साधी ३१८ इंजिनवाली. त्याने ती घेतली तेव्हा तीही कोणीतरी लाल करून ठेवलेली, हा लाल रंगाचा रोग जगभर आहे बहुतेक. पण त्या गाड्यांना एक सोय असते, बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडरवर पत्र्याची छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली असते, त्याच्यावर इंजिन, रंग, सीट, सगळ्याचे कोड ठोकलेले. दादाच्या पट्टीवर निघालं एफसी७, म्हणजे जांभळा, तो भडक जांभळा ज्याला डॉजवाले प्लम क्रेझी म्हणायचे आणि हाच रंग त्यांच्याच जुळ्या कंपनीच्या, प्लिमथच्या गाडीवर गेला की त्याचं नाव इन-व्हायलेट, डबा एक आणि लेबलं दोन. वर काही गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये कारखान्यातला कागदच सापडतो, लाईनवरच्या माणसाला ही गाडी कशी बनवायची ते सांगणारा, पन्नास वर्षं तिथेच अडकून बसलेला. दादाच्या नशिबात कागद नव्हता पण पट्टी होती, लाल खरवडली आणि खालून जांभूळ निघालं. मला ते सगळं व्हिडिओ कॉलवर बघून एवढं वाटलं की आपल्याही गाडीखाली असंच काहीतरी भन्नाट निघणार.

मग मी आरसी बुक उघडलं. आधीच्या मालकाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलेलं जुनं पुस्तक, कडा कुरतडलेल्या, आणि रंगाच्या रकान्यात निळ्या शाईने हाताने लिहिलेलं: व्हाईट.

झालं. सरकारी पांढरा. साहेबाच्या गाडीचा पांढरा.

दोन दिवस मी गप्प होतो. मित्र म्हणाले अरे लाल मस्त दिसते, तीच पॉलिश मार आणि रविवारी मिसळ खायला काढ. पण आरसीवर पांढरा आणि रस्त्यावर लाल हे पासिंगला चालत नाही, ते एक झालंच, आणि दुसरं म्हणजे दादाने सांगितलेली एक गोष्ट डोक्यात बसली होती. तो म्हणाला, नवा रंग कोणीही मारून देईल, पण कारखान्याने तो कसा मारला होता हे कळण्याची संधी एकदाच असते, पॉलिश पेपर लागायच्या आधी. एकदा घासलीस की पुरावा गेला. तेव्हा आधी महिनाभर नुसतं बघ, फोटो काढ, वहीत लिही, आणि मिस्त्रीला गाडीच्या जवळसुद्धा येऊ देऊ नकोस.

आमचे मिस्त्री म्हणजे चाचा. द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला त्यांचं शेड, चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतायत. त्यांना मी सांगितलं की चाचा, महिनाभर हात लावायचा नाही. ते म्हणाले, "मग आणली कशाला? दर्शनाला?"

तर बघायचं कुठे? जिथे नंतरच्या पेंटरला घासायचा कंटाळा येतो तिथे. दाराच्या बीडिंगच्या, म्हणजे कडेच्या रबराच्या खाली, मागच्या दिव्यांच्या मागे, डॅशबोर्डच्या खालच्या पत्र्यावर, दाराचं आतलं पॅड काढल्यावर, मॅटच्या खाली, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. माझ्या गाडीत लाल रंग बीडिंगच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला, कोणी रबर काढायचे कष्ट घेतलेच नव्हते, आणि त्या आळशी माणसाचे माझ्यावर अनंत उपकार आहेत कारण रबर ओढलं तर खाली बोटभर रुंदीची पांढरी पट्टी, चकचकीत, जशी कारखान्यातून आली तशी. डाव्या मागच्या दारावर मात्र पांढऱ्याखाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी सापडली, म्हणजे ते दार कधीतरी ठोकलेलं आणि तिथला पांढरा हा गॅरेजचा पांढरा. हे कसं ओळखायचं ते चाचांनीच दाखवलं, आणि मला वाटतं अख्ख्या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच. पांढऱ्या फडक्यावर एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा थिनर घ्यायचा आणि एका कोपऱ्यात हलकं पुसायचं. गॅरेजमध्ये मारलेला जुना एनसी रंग, म्हणजे आपले लोक ज्याला ड्युको म्हणतात तो, नुसता थिनर उडून वाळलेला असतो, थिनर लागला की परत विरघळतो आणि फडक्यावर उतरतो. कारखान्यात भट्टीत भाजलेला एनॅमल थिनरला दाद देत नाही. दारावरचा पांढरा फडक्यावर आला, बीडिंगखालचा आला नाही. दादाला हे सांगितलं तर तो हसला, कारण अमेरिकेत याच्यावरून दोन घराणी आहेत, जनरल मोटर्सवाले त्या काळी अॅक्रिलिक लॅकर मारायचे आणि फोर्ड-क्रायस्लरवाले एनॅमल, त्यामुळे जनरल मोटर्सची १९६९ ची कॅमॅरो आणि क्रायस्लरची १९७० ची चॅलेंजर यांची चमकच वेगळी असते आणि जाणकार माणूस लांबून ओळखतो.

मग छताच्या एका कोपऱ्यात चाचांनी पाणीपेपरने रुपयाएवढी जागा गोल गोल घासून दिली, तेवढीच परवानगी होती. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कड्या दिसायला लागल्या. लाल, त्याखाली करडा सर्फेसर म्हणजे रंगाआधीचा अस्तर कोट, मग चंदेरी (चंदेरी! ही गाडी मध्ये कधीतरी चंदेरी पण होती), मग एनसीचा पांढरा, मग मूळ पांढरा, मग प्रायमर आणि मग पत्रा. चाचा चष्मा कपाळावर ढकलून बघत म्हणाले, "तीन जणांनी हात साफ केलाय, मी चौथा."

आता प्रश्न, पांढरा म्हणजे कुठला पांढरा. हे ज्याने केलं नाही त्याला हसू येईल पण माझी रात्रीची झोप गेली होती. सारडा सर्कलजवळच्या पेंटच्या दुकानात रंग वाचायचं मशीन आहे, ते पत्र्यावर टेकवलं की आकडे देतं आणि कॉम्प्युटर ग्रॅममध्ये फॉर्म्युला काढतो, पांढरा इतका, पिवळा इतके थेंब, काळा इतके थेंब. मी पेट्रोलचं झाकण काढून घेऊन गेलो. आतली बाजू वाचली तर निघाला साईसारखा पिवळट. बीडिंगच्या खालची जागा वाचायला दुसऱ्या दिवशी गाडीच नेली तर तिथे आणखीनच पिवळा. आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा त्यापेक्षा फिका. एकाच गाडीत तीन पांढरे, दुकानदार म्हणाला कुठला करू, मी म्हटलं थांबा.

इथे बाबा कामाला आले. बाबा ओझरच्या एचएएलमध्ये, लढाऊ विमानांच्या कारखान्यात, बत्तीस वर्षं होते, त्यातली बरीचशी इन्स्पेक्शनमध्ये, मिगच्या पार्टवर डोळे घालून घालून त्यांची नजर अशी झालीये की घरात पोळी जरा वाकडी झाली तरी आई त्यांच्या आधी स्वतःच बोलून टाकते. ते म्हणाले तेलाचा म्हणजे अल्किडचा जुना पांढरा अंधारात पिवळा पडतो, उन्हात नाही. आपल्याला उलट वाटतं, की झाकलेली जागा म्हणजे मूळ रंग आणि उन्हातली खराब, पण झाकलेली जागा तीस वर्षं अंधारात होती ना. "ते झाकण गच्चीवर ठेव आठ दिवस, आतली बाजू वर करून." ठेवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं हे काय वाळत घातलंय, कुरडया का. आठ दिवसांनी खरंच पिवळेपणा बराच उतरला, परत वाचलं तर डिकीच्या आकड्यांच्या अगदी जवळ आलं. तोच धरला. नंतर फॉर्म्युल्यातला पिवळा दोन थेंबांनी कमी-जास्त करून चार पट्ट्या मारल्या आणि त्या सकाळी दहाच्या उन्हात, सावलीत आणि शेडमधल्या ट्यूबखाली अशा तिन्हीकडे बघितल्या, कारण ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात जुळतोच असं नाही, कपड्याच्या दुकानात साडी दाराशी नेऊन बघतात ते याच्यासाठीच.

या सगळ्या महिन्यात मला रंगापेक्षा जास्त मजा आली ती रंग कुठे *नाही* ते बघण्यात. दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बॉडीच्याच रंगात, म्हणजे दार लावून मग फवारा मारला, आणि उजव्या पुढच्या दाराच्या बोल्टांचे कोपरे पान्याने खरचटून पत्रा दिसतोय, म्हणजे ते दार नंतर कधीतरी काढलंय. खालून बघायला गाडी वर घेतली तर अख्खं डांबर. आपल्याकडे नवी गाडी घेतली की अँटी-रस्ट म्हणून ते थापून घ्यायची पद्धत होती. हीट गन आणि पत्र्याच्या उलथण्याने चार रविवार ते सोललं. खाली कडेकडेने पांढरा फवारा आलेला, आणि जसजसं मधे जाल तसतसा विरळ होत होत नुसता प्रायमर. दादाच्या चॅलेंजरखाली अगदी असंच आहे, माणूस बाजूला उभा राहून गन मारतो, जेवढं उडून आत जाईल तेवढं जातं, पोटाला मुद्दाम कोण रंगवतंय. तिकडची लोकं हा उडालेला फवारासुद्धा जसाच्या तसा परत मारतात, किती इंच आत, किती विरळ, मोजून. शेव्हरलेची इंजिनं नारिंगी असायची आणि फवारताना तो नारिंगी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडायचा, पहिल्याच काही दिवसांत जळून जायचा, तर काही जण शोला न्यायच्या गाडीवर तो जळायच्या आधीचा नारिंगी पण उडवतात. कॅमॅरोच्या डिकीत ठिपक्या-ठिपक्यांचा रंग असायचा, काळ्यावर निळसर वगैरे, तो ठिपक्याचा रंग आता तयार डब्यात मिळतो म्हणे. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. अजूनही थोडा वाटतो, पण आता मी वेड्यांच्या बाजूला बसलोय.

आणि मग ती खूण. बॉनेटच्या आत मागच्या भिंतीवर, फायरवॉलवर, जाड फेल्टचा तुकडा चिकटवलेला होता, तो उंदरांनी खाल्लेला म्हणून काढला. त्याच्या मागे पांढऱ्या रंगावर निळ्या खडूने काढलेली एक बरोबरची खूण आणि शेजारी ७ चा आकडा. बस. उत्तरपाड्याच्या लाईनवर १९९० साली कोणीतरी उभा राहून बघितलं, ठीक आहे म्हणून खडू मारला, पुढची गाडी. अमेरिकेतले लोक या खडूच्या आणि ब्रशच्या खुणांसाठी जीव टाकतात, इन्स्पेक्टरने मारलेले पिवळे-हिरवे ठिपके फोटो बघून परत मारतात. बाबांना बोलावून दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले आमच्याकडे प्रत्येकाचा शिक्का वेगळा होता, नंबराचा, रिटायर होताना जमा करायला लागतो. परत जाताना गाडीत काहीच बोलले नाहीत.

चाचा तोवर वैतागले होते. त्यांची तक्रार रास्त होती, त्यांना चांगलं काम करायचं होतं आणि मी त्यांना वाईट काम करायला सांगत होतो. मी म्हटलं चाचा, वरून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नको. सॉलिड पांढरा, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, पण डायरेक्ट ग्लॉस, एकच रंग, कारण जुन्या एनॅमलवर क्लिअर नव्हता आणि क्लिअर मारला की गाडी काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी दिसते, आजची दिसते, १९९० ची दिसत नाही. ते म्हणाले बरं. मी म्हटलं दोन हजार नंबरच्या पेपरने घासून बफिंग करून आरसा करायचा नाही, थोडी संत्र्याची साल, म्हणजे रंगाचा तो सालीसारखा बारीक उंचसखलपणा, राहू द्या, कारखान्यातून येताना होती, डिकीच्या झाकणावर अजून दिसतेय बघा. इथे ते उठले आणि चहा प्यायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "भाऊ, लोक माझ्याकडे साल काढायला येतात. तुम्ही ठेवायला आलात."

तिसरी मागणी मी चहाच्या दुसऱ्या कपानंतर केली. डिकीत आत, डाव्या चाकाच्या घुमटावर, मूळ रंगाला एक ओघळ होता. जाड कोट बसला की खाली सरकून थेंबासारखा गोठतो तसा, करंगळीएवढा. कारखान्याने तसाच सोडलेला. मी म्हटलं तो पण तसाच परत येईल का. चाचा म्हणाले, "हाताला जमायचं नाही. चाळीस वर्षं ओघळ येऊ नये म्हणून हात बनवलाय, आता मुद्दाम कसा आणू?" मी म्हटलं राहू दे.

सगळंच मी कारखान्यासारखं केलं नाही, ते पण सांगतो. खालून डांबर परत लावलं नाही पण नुसत्या प्रायमरवर पण सोडलं नाही, सगळीकडे इपॉक्सी प्रायमर मारून मग त्यावर तो विरळ फवारा, कारण दादाची चॅलेंजर वर्षात चार महिने गॅरेजमध्ये झाकलेली असते आणि माझी पावसाळ्यात गंगापूर रोडच्या खड्ड्यांतून जाणार. सिल्स म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या आणि दारांच्या पोकळीत मेण सोडलं, ते कोणाला दिसत नाही आणि पत्रा वाचतो. जे दिसतं ते जुन्यासारखं, जे गंजतं ते नव्यासारखं, असा माझा हिशोब. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत, त्यांनी नाशिकचा पाऊस बघितलेला नाही.

पावसाळ्यात रंगच मारायचा नाही यावर मात्र चाचा आणि दादा यांचं एकमत होतं, दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी रंगावर बसतं आणि पांढरट धुकं येतं. म्हणून जानेवारी धरला. आता जानेवारीत इथे सकाळी काय थंडी असते ते सांगायला नको, निफाडच्या तापमानाचा आकडा रोज पेपरात असतोच. गार पत्र्यावर पीयू लवकर घट्ट होत नाही. अकरानंतर ऊन शेडवर आलं की सुरू, चारला बंद, आणि दोन हॅलोजन लावलेले. चाचा तोंडाला रुमाल बांधून गन मारायला निघाले तेव्हा मी खरं भांडलो, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, एकदा फुप्फुसाने त्याचं वैर धरलं की माणसाला दमा लागू शकतो आणि रुमालाने ते अडत नाही. कार्ट्रिजवाला मास्क आणून दिला, सोबत शेडचे दोन्ही दरवाजे उघडून पंखा. आधी कुरकुरले, दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितला.

फायरवॉलवरची खूण मास्किंग टेपने चौकोन करून झाकली आणि चौकोनाच्या कडेपर्यंत नवा पांढरा आणला. टेप काढली तेव्हा जुन्या आणि नव्यातला फरक दिसला तो जवळून बघितलं तरच, अर्धी छटा. दुकानदाराला मी मेसेज करून आभार मानले. खडूवर काही फवारलं नाही, नुसता फेल्टचा नवा तुकडा कापून पुढे लावला, चिकटवला नाही, वर दोन क्लिपा, म्हणजे कोणाला बघायचं असेल तर उचलून बघता येईल.

डिकी शेवटी ठेवली होती. दुपारी चारच्या सुमारास ऊन उतरलेलं, चाचांना आटपायचं होतं, डाव्या बाजूला वाकून हात आत घालून शेवटचा कोट मारला आणि गन धुवायला गेले. दहा मिनिटांनी मी बॅटरी घेऊन वाकलो तर घुमटावर रंग हळूहळू सरकत होता. गार पत्रा, जाड कोट. जुना होता त्याच्यापेक्षा चार बोटं पुढे, आणि जरा लांब. मी हाक मारली. चाचा आले, बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि सरळ ब्रश घ्यायला वळले, ओला आहे तोवर उचलून घेतो म्हणून. मी डिकीसमोर आडवा झालो. शर्टाला पांढरा लागला तो अजून निघालेला नाही.

दोन मिनिटं आम्ही तसेच उभे. मग ते म्हणाले, "राहू दे. पण हे काम कोणी केलं विचारलं तर माझं नाव सांगायचं नाही."

म्हणून वर कुठेच सांगितलेलं नाही. बीडिंग अजून आलेली नाही, मुंबईहून यायचीये, ती बसली की गाडी पेठ रोडच्या आरटीओत पासिंगला न्यायची. फोटो त्यानंतर टाकतो.